पहिल्या मजल्याचा गुळगुळीत कठडा

मी, या कागदाच्या शेवटी अंगठा उठवणारा, वय एकोणसत्तर पूर्ण, बांधकाम कचेरीतून निवृत्त झालेला आरेखक, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि कोणी मागे न लागता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझा हात थरथरतो, डोकं थरथरत नाही. हे वाक्य वाचणाऱ्याने पुन्हा एकदा वाचावं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कंपवाताची सकाळची गोळी घेतली की साधारण चाळीस मिनिटं हात माझं ऐकतो. रोज तेवढाच वेळ लिहिलं, म्हणून या कागदाला अकरा दिवस लागले. जिथे अक्षर किड्यामुंग्यांसारखं दिसेल तिथे गोळीचा असर संपला असं समजावं. याच हाताने मी एकतीस वर्षं पूल, टाक्या, जिने आणि कठडे कागदावर काढले. कचेरीत माझ्या रेघेला पट्टी लावून बघायचे आणि पट्टीच वाकडी आहे म्हणायचे. असो.

कलम १. राहतं घर, पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, हे माझ्यामागे माझ्या पत्नीचं तिच्या हयातीपर्यंत, आणि तिच्यानंतर मुलाचं. मुलाने यात वाईट वाटून घेऊ नये. तिने मला चाळीस वर्षं सांभाळलं, त्यापुढे चार भिंती म्हणजे काहीच नाही. गॅलरीच्या कठड्याबद्दल कलम ६ पाहावं. ते आधी वाचलं तरी चालेल. खरं म्हणजे आधीच वाचावं.

कलम २. बँकेतली ठेव पत्नीची. तिने ती हवी तशी वापरावी, फक्त तिच्या भावाचा सल्ला घेऊन वापरू नये.

कलम ३. माझं ड्रिल मशीन गेली चार वर्षं याच मेहुण्याकडे आहे. "उद्या आणून देतो" म्हणून नेलं होतं. ते मी त्यालाच देतो. मृत्युपत्रात लिहिलेलं पाहून निदान ते माझं होतं एवढं तरी त्याच्या लक्षात येईल.

कलम ४. कंपासपेटी, दोन्ही गुण्ये, मोठी टी-पट्टी आणि शाईच्या पेनांचा डबा नातीला. ती सहा वर्षांची आहे. टी-पट्टी ती सध्या तलवार म्हणून वापरते. वापरू दे. कंपासचं टोक मात्र अणकुचीदार आहे, तो ती दहा वर्षांची झाल्यावर द्यावा.

कलम ५. वेल्डिंग मशीन. हे कोणाला द्यायचं याआधी ते घरात कसं आलं हे सांगितलं पाहिजे, नाहीतर कलम ६ कळणार नाही.

नोकरीत मी हजारो ठिकाणी जोडाची खूण काढली. बाण काढायचा, वर छोटा त्रिकोण, की झाला वेल्ड. एका क्षणाचं काम. पण हातात रॉड कधी धरला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकण्यात आयुष्य गेलं, म्हणून निवृत्त झाल्यावर ठरवलं की आता एकदा खाली उतरायचं. बाजारात एक छोटं इन्व्हर्टर मशीन मिळत होतं, चपलांच्या खोक्याएवढं, खांद्याला अडकवायला पट्टा, आणि किंमत अशी की दुकानदारालाच सांगताना लाज वाटत होती. खोक्यावर दोनशे अँपिअर छापलेलं होतं. खरे किती मिळतात असं विचारल्यावर तो म्हणाला, छापलेत की.

घ्यावं की न घ्यावं यात मी तीन आठवडे घालवले. आलेख कागदावर दोन रकाने केले. एकीकडे: वजनाला हलकं, घरच्या प्लगवर चालतं, हौसेपुरतं पुरे. दुसरीकडे: पाच मिनिटांत तापून बंद पडतं, जाड लोखंडाला पुरत नाही, केबल सुतळीसारखी. पत्नी रोज चहा आणून ठेवायची आणि रकाने बघून जायची. एक दिवस म्हणाली, इतका विचार तर माझ्याशी लग्न करताना केला नव्हतात.

शेवटी कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याला विचारायला गेलो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, शिक्षण बेताचं, पण अख्ख्या गल्लीच्या खिडक्या त्याच्या हातच्या. त्याने खोक्याचा फोटो बघितला आणि म्हणाला, "घ्या की साहेब. स्टूल करा, कुंड्यांचा स्टँड करा, मजा येईल. पण ज्याला माणूस टेकणार ते माझ्याकडे आणा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्याला चारचौघांत म्हणालो की तुझ्या जोडांना लोखंडाचे गोळे लोंबतात, चिखलाने लिंपल्यासारखे दिसतात, तू मला शिकवू नकोस. त्याने वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली आणि कामाला लागला. मी सरळ दुकानात जाऊन मशीन घेतलं. त्यानंतर सहा वर्षं मी त्या कोपऱ्यावरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरत होतो.

मशीनबद्दल माझं मत विचाराल तर ते वाईट नव्हतं. मी त्यावर दोन स्टुलं केली, कुंड्यांचा स्टँड केला, झाडूसाठी हूक केले, पत्नीसाठी स्वयंपाकघरात एक मांडणी केली. त्यातलं सगळं अजून धड आहे. पहिली ठिणगी उडाली तेव्हा मी बासष्ट वर्षांचा होतो आणि मला बारा वर्षांचा असल्यासारखं वाटलं. हौसेसाठी स्वस्त मशीन घ्यावं का, असं मला कोणी विचारलं तर मी आजही घ्या म्हणेन, आणि पुढे ग्रिलवाल्याचंच वाक्य जोडेन.

मशीन, काच आणि उरलेले रॉड नातीला, ती अठरा वर्षांची झाल्यावर. अट एकच. आधी सहा महिने तिने ग्रिलवाल्याकडे शिकावं.

कलम ६. कठडा.

सून गरोदर होती तेव्हा मी गॅलरीचा जुना कठडा काढला. तो बुटका होता, मूल चालायला लागलं की वरून झुकलं असतं. नवा मी स्वतः काढला, म्हणजे आधी कागदावर आणि मग लोखंडात. आठ उभे खांब, प्रत्येक खांबाखाली जाड पट्टी, पट्टी बोल्टने सज्जात पक्की. खांब पट्टीला माझ्या मशीनने जोडलेला. जोड झाल्यावर त्यावर उंचवटा राहतो. कागदावर कठड्याच्या रेघेला कधी उंचवटा नसतो, आणि मला तो बघवेना. मी ग्राइंडर घेऊन आठही जोड घासून सपाट केले, वर पुट्टी भरली, प्रायमर आणि दोन हात रंग दिला. बोट फिरवलं तर खांब कुठे संपतो आणि पट्टी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मला वाटलं ग्रिलवाल्याने येऊन हे बघावं. आल्यागेल्याला मी कठडा दाखवायचो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाच महिन्यांपूर्वी मी हत्यारं आवरत होतो. फळीवर त्या वेळचा एक नमुना पडून होता, तीच पट्टी, तोच पाइप, तेवढाच करंट, तसाच घासून गुळगुळीत केलेला. माझ्या हातून तो निसटला, फरशीवर पडला आणि जोडातून दोन तुकडे झाले. मी ते उचलून बघितले. आतलं लोखंड कोरं होतं, दुकानातून आणल्यासारखं. वेल्ड आत शिरलाच नव्हता, नुसता वर बसला होता, आणि जो वर बसला होता तोच मी घासून काढला होता. वरून कीर्तन, आतून तमाशा.

तर गेली सहा वर्षं आमचा कठडा बहुतेक पुट्टीवर आणि रंगावर उभा आहे.

मी लगेच मुलाला सांगितलं. त्याने जाऊन कठडा दोन्ही हातांनी हलवला आणि म्हणाला, हत्ती बांधा, हलणार नाही. मी तुकडे दाखवले. तो म्हणाला, पडलं तर तुटणारच. त्याचीही चूक नाही. हा आजार झाल्यापासून मी गॅस बंद आहे का म्हणून रात्रीतून चार वेळा उठलो आहे, टाकी फुटणार म्हणून प्लंबरला दोनदा बोलावलं आहे, कुलूप लावलं की नाही बघायला अर्ध्या रस्त्यातून परत आलो आहे. तिन्ही बाबतींत काही झालेलं नव्हतं. लांडगा आला रे आला असं मी इतक्यांदा ओरडलो की आता खरा लांडगा दारात बसला तरी कोणी मान वळवत नाही. मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाला, "बाबा, गॅस झाला, टाकी झाली, आता कठडा. डॉक्टर म्हणालेत ना, ही भीती आजाराची आहे."

तो चिडला असता तर मी भांडलो असतो. मायेशी कसं भांडायचं ते मला येत नाही.

मी गॅलरीच्या दारात दोरी बांधली. पत्नीने त्यावर कपडे वाळत घातले. मी ग्रिलवाल्याला फोन केला. सहा वर्षांनी मी त्याला हाक मारली आणि तो लगेच आला, पण मुलाने त्याला दारातच चहा दिला, बाबांचं मनावर घेऊ नका म्हणाला आणि परत पाठवला. मग मी स्वतः करवत घेऊन बसलो. पातं उडालं आणि उजवा अंगठा फाटला. त्या दिवसापासून हत्यारांचं कपाट बंद आहे आणि किल्ली सुनेकडे. तिचंही बरोबर आहे.

आता मी दिवसभर गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसतो. शेजारी म्हणतात आजोबांना वारा आवडतो. मला वारा मुळीच सोसत नाही, मान आखडते. पण नात शाळेतून आली की दप्तर फेकते, माझ्या खुर्चीच्या हाताखालून सरपटत बाहेर जाते, खालच्या आडव्या पाइपवर दोन्ही पाय ठेवते, वरच्यावर पोट टेकवते आणि खालच्या इस्त्रीवाल्याच्या मांजराशी गप्पा मारते. मी तिचा फ्रॉक मागून धरतो. माझी मूठ थरथरत असते आणि ती म्हणते, आजोबा, गुदगुल्या करू नका. मला रडू येतं. काल तिच्या पायाखाली कुठेतरी टक् असा आवाज झाला. मी ओरडलो. सगळे धावत आले, आणि मला पाणी दिलं.

या घरात माझं कोणतंच बोलणं शहाण्या माणसाचं धरलं जात नाही. फक्त एका गोष्टीचा अपवाद झाला. मृत्युपत्र करायचं म्हणालो तेव्हा ते कोणालाच आजाराचं लक्षण वाटलं नाही. मुलाने वकील गाठला. वकील म्हणाले, आजार आहे, तेव्हा डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा आणि दोन साक्षीदार समोर बसवा. मला एवढंच हवं होतं. डॉक्टर स्वतः येणार, माझी परीक्षा घेणार आणि लिहून देणार. शिवाय साक्षीदाराला दारातून चहा पाजून परत पाठवता येत नाही.

कठडा कापला नाही तर घर कोणालाच नाही, अशी अट मी घालणार होतो. वकील म्हणाले टिकणार नाही. म्हणून अट घालत नाही. हात जोडतो. जे डोकं घर द्यायला शाबूत आहे, ते याच कागदावर, याच कलमात, कठड्याबद्दलही शाबूत आहे असं धरा. आणि मी खोटा ठरलो तर मला हसा, वर्षभर हसा. माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही.

कलम ७. ग्रिलवाल्याला एखादी वस्तू द्यायची माझी इच्छा होती. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं कळलं. म्हणून त्याची माफी मागतो. ती मालमत्तेत मोडत नाही. त्याच्या जोडांचे गोळे कुरूप होते आणि गल्लीतल्या एकाही खिडकीतून आजवर कोणी पडलेलं नाही.

कलम ८. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तसं करू नये. अंगठा उठला की ग्रिलवाल्याने हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं आणि त्याची स्वतःची सही सगळ्यात शेवटी करावी. मला मरायला अजून वेळ आहे. कठड्याला आहे की नाही ते मला माहीत नाही.

स्थळ : राहतं घर, गॅलरीच्या दाराच्या आतली बाजू.
दिनांक : अकरा तारीख, रविवार, सकाळी गोळीनंतर दहा मिनिटांनी.

मृत्युपत्र करणाऱ्याचा डावा अंगठा (उजव्याला पट्टी आहे).

डॉक्टरांचा दाखला : आज यांना तपासलं. वार, तारीख, घरच्यांची नाती बरोबर सांगितली. शंभरातून सात-सात वजा करत न चुकता दोनपर्यंत आले. बुद्धी पूर्ण शाबूत आहे. यांच्या काळजीला मी आजाराचा भाग म्हटलं होतं, ते सरसकट धरायला नको होतं. सही.

साक्षीदार पहिला, खालचा इस्त्रीवाला : अंगठा माझ्यासमोर उठवला. वाचलेलं सगळं ऐकलं. सही.

साक्षीदार दुसरा, कोपऱ्यावरचा ग्रिलवाला : अंगठा माझ्यासमोर उठवला. कागद वाचून दाखवला. सहीआधी गॅलरीत जाऊन तिसऱ्या खांबाची पुट्टी खरवडली आणि हातोडीचा एक ठोका दिला. दुसरा द्यावा लागला नाही. पोरीला आतल्या खोलीत नेलं आहे. मुलगा माझ्याशेजारी खांब हातात धरून उभा आहे. साहेब खोटे ठरले नाहीत. सही.