एवढं शेवटचंच

१८ डिसेंबर १९३८

प्रिय वोयतेख,

तुला आणि मिलाडावहिनीला नमस्कार. इकडे आम्ही मजेत आहोत. ओढा काठाकाठाने गोठलाय, पण पाणचक्कीचं चाक अजून फिरतंय. नाताळच्या जेवणासाठी आणलेले दोन मासे बायकोने तुझ्या आईच्या कपडे धुण्याच्या टपात जिवंत सोडलेत. टप वापरला तर चालेल का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, वोयतेख कशाला नाही म्हणतोय.

तीन पत्रांत तू एकच प्रश्न विचारला आहेस, बाबा कुठे आहेत? सांगतो. लहानपणापासून तुला दम कसा तो नाहीच.

परवा तुझ्या मुलांना आपली अदलाबदल सांगितलीस म्हणे. बरं केलंस. आमच्यातला एक मुलगा वर्षभर चेक घरात, तुमच्यातला एक जर्मन घरात, म्हणजे दोघांना दोन्ही भाषा येतात. दोन्ही बाप ओढ्यावरच्या लाकडी पुलाच्या मध्यावर यायचे, आपापल्या पोराचा हात एकाच वेळी सोडायचे आणि समोरच्याचा धरायचे. आधी कोणीच सोडायचा नाही. तुझ्या बाबांचा हात पिठाने खरखरीत होता. त्या वर्षी त्यांनी मला चुलीजवळच्या बाकावर झोपवलं, स्वतःच्या ताटातलं खसखशीचं गोड खायला घातलं. अगदी आत्ताआत्तापर्यंत ते मला बेर्तिक या लाडाच्या चेक नावानेच हाक मारायचे. आमच्या कचेरीत पोरं हसायची.

म्युनिकला चार देशांच्या पुढाऱ्यांनी बसून हा सरहद्दीचा पट्टा आम्हा जर्मनांना देऊन टाकला, तुमच्या माणसांना बाहेर ताटकळत ठेवलं. सीमा नेमकी आपल्या ओढ्यावरून गेली. तुमचं गाव पलीकडे राहिलं, तुमची पाणचक्की आमच्या काठावर. तू बायकापोरांना घेऊन आत, पार्दुबिसे शहराला निघालास. बाबा म्हणाले, "मी कशाला जाऊ? इथला अंमलदार म्हणजे आपला बेर्तिक. मी वाढवलाय त्याला."

पहिल्यांदा मी कचेरीसाठी वरची खोली मागितली. बाबांनी मला बसवलं, आलुबुखाराचा मुरंबा पुढे केला. "एवढंच ना? घे की. हे शेवटचं ना रे, बेर्तिक?" मी म्हटलं, "शेवटचं." किती खूश झाले! मग मळा मागितला, मग तबेला. दर वेळी मुरंबा, दर वेळी तोच प्रश्न. शेजारच्या म्हातारीला म्हणत होते, "पोरगं हट्टी आहे, पण पोट भरलं की गप्प बसेल." मला खरंच हसू आवरत नव्हतं.

मग मी पाणचक्की मागितली.

मुरंबा आला नाही. "सगळं घे, चक्की नाही मिळायची," एवढं बोलून म्हाताऱ्याने दार लावलं, आतून जात्याचा दगड उचलायची पहार आडवी घातली. चक्कीवरचे दोन गडी होते त्यांच्यासोबत आत. मी बाहेरून ओरडलो, "बाबा, उघडा. उगाच तमाशा नको." आतून आवाज आला, "तमाशा तू लावलायस, गाढवा. ये, फोड दार. बघू किती दम आहे ते."

आता तुला एक गंमत सांगतो. माझ्यात दम नव्हता. सीमा आखायला परदेशी साहेब गावात उतरले होते, आणि ते असेपर्यंत कुठेही दंगा नको, असं मला वरून बजावलं होतं. दार फोडायचा हुकूमच नव्हता. बाबा आणखी आठवडाभर आत बसले असते, तर मी नाक मुठीत धरून परत गेलो असतो. कचेरीत तसं ठरलंही होतं.

तेवढ्यात तुझं पाकीट आलं. "बाबांना सुखरूप पाठव, चक्की तुझ्या नावावर करून देतो." आणि सोबत कागद, सही केलेला! चक्की कागदोपत्री तुझीच. अरे, आधी सही आणि मग बाप? पुलावर तू इतक्यांदा उभा राहिलास आणि एवढंही शिकला नाहीस?

मी कागद दाराच्या फटीतून आत सरकवला. मग पहार काढल्याचा आवाज आला. बाबा दारात उभे होते, हातात तो कागद. "ही त्याचीच सही आहे," ते म्हणाले. "मला विचारलंसुद्धा नाही त्याने?" ते माझ्यावर चिडले नव्हते, वोयतेख. माझं नावही त्यांनी घेतलं नाही.

शब्द म्हणजे शब्द. थंडी वाढली तशी मी त्यांना स्वतः पुलावर नेलं, मध्यावर उभं केलं आणि हात सोडला. समोर हात धरायला कोणी नव्हतं. तुमच्या शिपायाने ओळखीचे कागद मागितले. ते घरात, कपाटात, आणि घर आता त्यांचं नाही. शिपाई म्हणाला, "आजोबा, कागदाशिवाय सोडता येत नाही." मागे आमचा पहारा, तो परत येऊ देईना. बाबा कठड्याला टेकून खाली बसले. दुपारी बर्फ सुरू झालं. मला मासे आणायला जायचं होतं, म्हणून मी निघालो.

सकाळी तुमच्या शिपायांनी त्यांना तुमच्या बाजूला ओढून घेतलं. तेव्हा कागद मागितले नाहीत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पुरलं कुठे ते पलीकडच्या पाद्र्याला विचार.

चुलीजवळचा बाक रिकामाच आहे. आणि हो, तुमची सरहद्दीवरची पोलादी मोर्चेबंदी सगळी आमच्या बाजूला आली, त्यामुळे पार्दुबिसे आता काही लांब नाही. तुझ्या नव्या घराला वरची खोली आहे का, तेवढं कळव. एवढं शेवटचंच.

तुझा भाऊ,
बेर्तिक