ताईचा उजवा हात

४ जून

ती. सौ. ताईस, धाकटीचा सा. न.

पत्र पोचलं, पण अक्षर तुझं वाटेना. ओळी उतरणीला लागल्यात. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, घाईत लिहिलं असेल. पण तू घाईतही काना सरळच काढतेस. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून रोजच्या चादरी तूच धुतेस, पिळतेस. मागे आले तेव्हा बादली डाव्या हाताने उचलत होतीस. विचारलं, तर हसण्यावारी नेलंस. या वेळी टाळलंस, तर बॅग भरून येईन आणि महिनाभर हलणार नाही. भाऊजींना सांगून ठेव.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर पाठव.

तुझी धाकटी

११ जून

चि. सौ. धाकटीस, अ. आ.

मागचं पत्र मीच कसंबसं लिहिलं होतं, हे अक्षर मात्र तुझ्या भाऊजींचं आहे. मी सांगतेय, ते लिहितायत. पेन धरलं की कोपरापासून मनगटापर्यंत कळ जाते. परवा पीठ मळता मळता खालीच बसले, तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज तेच तेच करून हात सुजलाय. पिळणं, घासणं, मळणं सहा आठवडे बंद. मग घर कोण चालवणार, असं मी विचारलं. त्यांनी हे पत्र लिहिणाऱ्याकडे पाहिलं.

दुखणं दोन वर्षांचं आहे. हे सांगितलं आणि लिहिणाऱ्याचं पेन थांबलं. त्यांनाही आत्ताच कळलं.

जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुझी ताई

२ जुलै

चि. सौ. धाकटीस, अ. आ.

ताईला न सांगता लिहितोय. छापखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. घरातली दोन वर्षं नजरेतून सुटली. पहिल्या दिवशी चार चादरी पिळल्या. चौथी अर्धवट पिळूनच वाळत घातली. हे ती रोज करत होती आणि मी चहाला उशीर का, म्हणून विचारत होतो.

आईला सांगितलं, आजपासून तुझं मी बघणार. तिला रडू आलं. म्हणाली, सूनबाईचं कण्हणं तिला ऐकू यायचं, पण सांगितलं तर आपलं कोण करणार या भीतीने ती गप्प राहिली. मी तिला काय बोलणार? मी तर ऐकलंही नव्हतं.

आता चादरी लाँड्रीत जातात. मी सकाळची पाळी मागून घेतली आहे, दुपारपासून घरी असतो. ताईची सूज उतरतेय, पण सवय जात नाही. मी पाठ वळवली की ती भांड्यांना हात घालते.

काल मात्र मी पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, "दुखतंय." एवढंच. मी उठलो.

माझ्यावरचा राग ओसरला असेल, तर पूर्वीसारखा लोभ राहू दे.

तुझे भाऊजी