हरणीच्या गळ्यातली गोंड्यांची माळ

मंगळवार पेठ, कोल्हापूर
भाऊबिजेचा दुसरा दिवस

तीर्थरूप आक्काच्या पायांवर तुझ्या धाकट्या चिमणाबाईचं डोकं ठेवलंय असं समज. (खरंच ठेवायचं तर चंदगडची एसटी धरावी लागंल, आणि वळणावर मला मळमळतं.) तुझे गुडघे कसे हायत? दाजींचा खोकला गेला, का अजून काजूच्या बागेत घुमतोय? आम्ही समदी खुशाल. फोनच केला असता, पण माझं फोनवरचं बोलणं खालच्या मजल्यावर ऐकू जातं, आणि ह्यातलं थोडं खाजगी हाय. तवा माझ्या चौथीपातुरच्या अक्षराला हसू नको.

तर आक्का, दिवाळीची सुट्टी लागली आणि आमची दोन्ही नातवंडं, ऋतुराज आणि अनुजा, मोबाईलात तोंड घालून बसली. सूनबाई क्रांतीनं (बँकेत असते, तुला ठाऊक हाय, पण पोस्टमननं पत्र फोडलं तर त्यालाबी कळू दे) पोरांसाठी एक क्लास शोधून काढला. तिथं शिकवतात काय? लोकरीचे गोंडे! त्याला पॉमपॉम म्हणायचं म्हणे. अगं, बेंदराला आपल्या आप्पांच्या बैलांना गोंडे कुणी केले? मी म्हटलं, "गोंड्याला क्लास? उद्या भाकरी मोडून खायचाबी क्लास काढतील. घरात मी बसलीया की!" क्रांती म्हणाली, "बरं आई, या सुट्टीत तुम्हीच शिकवा. पोरं मोबाईल सोडून तुमच्याजवळ रमली तर मे महिन्यात पण तुमच्याच ताब्यात. नाहीतर क्लासला." मे महिन्याची सगळी सुट्टी, आक्का! पोरं क्लासला गेल्यावर मी काय भिंतीशी बोलू? आधीच ती भिंत माझं ऐकून ऐकून पोपडे टाकाय लागलीया.

महाद्वार रोडवरनं लोकर आणली. काम सोपं. चार बोटांना लोकर गुंडाळायची, अलगद काढायची, मधोमध आवळायची, दोन्ही कडा कातरायच्या, की गोंडा फुलला. पण ऋतुराजनं अशी ओढून गुंडाळली की बोटं जांभळी झाली, आणि कात्री घेतली तर हा बोंबलतोय, "आज्जी, बोटं राहू देत, लोकर कापू नको!" अनुजानं पिवळ्या गोंड्याला डोळे चिकटवून कोंबडीचं पिल्लू केलं. मग ऋतुराजनं त्याचा बाप केला, तो अस्वलासारखा दिसत हुता. (कोंबडा म्हण म्हटलं की कोंबडा म्हणायचं, पोराचं मन मोडायचं न्हाय.) घरभर लोकरीचे तुकडे. लेकाला, विजयसिंहला, पांढऱ्या रश्श्यात लाल धागा सापडला. "आई, हे काय?" मी म्हटलं, "तांबडा रस्सा मागत हुतास न्हवं? घे." पर मोबाईल कुठं पडलाय ह्याची कुणाला शुद्ध न्हवती, हे लिहून ठेव.

अशात आमचा गवळी हंबीरराव दूध घालाय आला. पिल्लं बघून म्हणतो, "आज्जी, पाडव्याला माझ्या हरणीला पोरांच्या हातची माळ पायजे." हरणी म्हंजे त्याची म्हस. अंगानं ट्रकएवढी, नाव हरणी. पाडव्याला इथं म्हशी सजवून फटफटीमागं पळवत्यात, समदी पेठ बघाय उभी असती, हे तुला सांगाय नको. मी लगेच हो म्हटलं. गाजायचं तर चार लोकांत गाजावं.

पण आक्का, आजकालच्या लोकरीत राम न्हाय. माळ ओवली की गोंडे मधनं सुटाय लागले. एक हलला की सगळी लोकर खाली, जणू कुणाची हजामत केली. हरणी तर पळणार! मग मी डोकं चालवलं. आपल्या कोल्हापुरात चिकटवायला काय कमी हाय? गुळाचा चिक्कीसारखा पाक केला आणि एकेका गोंड्याच्या पोटात सोडला. वाळल्यावर असे टणक की खिडकीवर मारला तर काच जाईल. वर चकाकी वेगळीच.

पाडव्याला हंबीरराव सायलेन्सर काढलेल्या फटफटीवर, मागनं हरणी, शिंगांना मोरपिसं, गळ्यात आमची माळ. क्रांती माझ्याशेजारीच उभी. सगळं झकास चाललंतं, तोवर ऊन चढलं, हरणीला घाम फुटला, आणि गूळ पाघळला. शेजारच्या म्हशीनं नाक वर केलं. मग तिच्या शेजारचीनं. बघता बघता दुसऱ्यांच्या म्हशी आपल्या मालकाची फटफटी सोडून हरणीचा गळा चाटाय धावल्या! एक मालक वरडला, "ओ हंबीरराव, म्हस आवरा की!" हा म्हणतो, "माझी सरळ चाललीया! तुमच्याच नादाला लागल्यात, पावणं!" लोकांना वाटलं, काय म्हस हाय, समद्या पेठेच्या म्हशी हिच्या मागं! शिट्ट्या काय, हलगी काय! हंबीररावाला जागेवर फेटा बांधला. माळेचे गोंडे चाटून चाटून भिजल्या उंदरासारखे झालते, पण बरेचसे गळ्यात टिकले, हे महत्त्वाचं.

क्रांती हसून हसून खाली बसली. डोळे पुसत म्हणाली, "आई, क्लास रद्द." तेवढ्यात बिल्डिंगमधल्या बाकीच्या आयाबी आल्या, मे महिन्यात आमचीबी पोरं घ्या म्हणत. मी म्हटलं, "आणा की! गोंड्याचं मी बघते." समद्यांची तोंडं बघण्यासारखी हुती, माझंबी.

दाजींना नमस्कार. काजूगर पाठवलेस तर न्हाय म्हणणार न्हाय.

तुझी लाडकी (असंच म्हणायचीस),
चिमणाबाई

ता. क. उन्हाळ्याआधी चार दिवस राहाय ये. गुडघ्याला हवापालट लागती.

आणखी ता. क. खरं सांगते, कुणाला बोलू नको. गोंड्याची मधली गाठ तू मारायचीस, मी नुसती कातरायची. मला ती गाठ कधीच आली न्हाय. आता बिल्डिंगची समदी पोरं येणार. लवकर ये आणि दार लावून शिकव. क्रांतीला कळलं तर मे महिना गेला. पाकिटावर पत्ता अनुजाकडनं लिहून घेते, तिचं अक्षर मोत्यासारखं हाय. आतलं वाचू नको म्हणून बजावलंय.

आक्का आजी, मी अनुजा. पिनकोड शोधताना वाचलं गेलं. आजीला गाठ येत नाही हे ऋतुराजला पण माहीत आहे. माळेत जे गोंडे टिकले ते मी पाक घालायच्या आधी, आजी दुपारी झोपल्यावर, मोबाईलवर बघून परत बांधले होते. तिला सांगू नका. पण तुम्ही या, आणि तिला नीट शिकवा. मे महिन्यात आम्ही सगळे मुद्दाम थोडं चुकणार आहोत, म्हणजे तिला रागवायला पण काहीतरी राहील.