छतावरचा अर्धा हात

१२ जुलै १७६३

परांचीवर चढलो आणि पहिलं काय दिसलं, तर दादाचं आभाळ! माझ्या नाकापासून दीड हातावर. पाच वर्षांनी.

मठाच्या फादरांनी हुशारी केली. छत रंगवायला कास्सियानदादाला बोलावलं, जूनमध्ये त्याला वाटेला लावलं, आणि मग नक्षीच्या गिलाव्यासाठी मला. दोघं भाऊ समोरासमोर यायलाच नकोत! आमचं भांडण आख्ख्या बव्हेरियाला ठाऊक.

भांडण तरी कशावरून? एका पायावरून. देवदूताचं अंग दादाने रंगवलेलं, पाय मी चौकटीबाहेर लोंबता काढलेला, प्लास्टरचा. रंग कुठे संपतो आणि प्लास्टर कुठे सुरू होतं, ते खालून कुणाला कळायचं नाही. वीस वर्षं आम्ही असंच काम केलं. मी म्हणालो, "लोक येतात ते माझा पाय बघायला." तो म्हणाला, "तू शिंपले चिकटवणारा गवंडी!" झालं. तेव्हापासून बोलणं बंद.

१५ जुलै

चौकटीभोवतीच्या नक्षीतले प्लास्टरचे शिंपले सुरू. डावीकडचं वळण उजवीकडच्यासारखं येता कामा नये — आरशातल्यासारखं झालं की मेलं! चुना कालवायला फाइटकाका आहेत. सत्तरीचे, तोंडाने तिखट.

"मिस्त्री, म्युनिकचे शहाणे म्हणतात, पुरे झाले शिंपले. आता म्हणे सरळ रेषा!"

म्हटलं, सरळ रेषा सुतारसुद्धा मारतो.

१९ जुलै

पूर्वेच्या कोपऱ्यात एक देवदूत. खांदा आहे, कोपर आहे, पुढे काही नाही! हात चौकटीपाशी तुटलेला. मुद्दाम! दादाचं अपुरं काम, आणि फादर धरणार मला. दिवसभर चिडचिड केली. काकांना विनाकारण बोललो.

२० जुलै

आज उजेडात जवळ जाऊन पाहिलं. जिथे हात हवा, तिथे छिन्नीने मारलेल्या खाचा! वरचं प्लास्टर घट्ट धरावं म्हणून आम्हीच अशा खाचा मारतो. रंगाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. म्हणजे दादाने हा हात माझ्यासाठी ठेवलाय!

ना चिठ्ठी, ना निरोप. हे एवढंच. तोंडाने 'ये' म्हणेल तर तो दादा कसला!

"मिस्त्री, डोळ्यात चुना गेला का?"

हो म्हटलं. गेला.

२४ जुलै

पहिला हात फोडला. बाईच्या हातासारखा झाला होता. प्लास्टर उशिरा घट्ट व्हावं म्हणून त्यात वाईन घालतो — त्यातली निम्मी काका पितात, आणि लवकर घट्ट झालं की मलाच हसतात.

२६ जुलै

दुसराही फोडला.

३० जुलै

जमला! चौकट ओलांडून सरळ खाली येतो, बोटं उघडी, कुणाला तरी वर ओढून घ्यायला निघाल्यासारखी. सांधा शोधूनही सापडत नाही.

आणि दाखवायला कोण आहे? जेवायला बसलो की दादा मुळा कापायचा, कागदासारखा पातळ, मीठ लावून पहिली चकती मला द्यायचा. पन्नाशीला आलो तरी द्यायचा. मला तो इथे हवाय. बाकी काही नको. भांडायला आला तरी चालेल.

२ ऑगस्ट

चार कागद फाडले. शेवटी एकच ओळ लिहिली — 'दादा, हात झाला. बघायला ये.' दादाच्या गावच्या बाजाराला निघालेल्या मठाच्या गाडीवानाकडे दिली.

९ ऑगस्ट

उत्तर नाही.

१७ ऑगस्ट

नाही. परांची उतरवली. फादर म्हणाले, "यायचं असतं तर आला असता, माग्नुस. एका दिवसाची तर वाट." खरंच आहे. पण त्या खाचा? त्या खोट्या कशा असतील!

काकांनी माझ्या कपात बिअर ओतली आणि शेजारी बसले.

२१ ऑगस्ट

आला! अपोलोनियावहिनीच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पाऊल चाचपत. मी धावलोच. "दादा, वर बघ!" त्याने मान वर केली — भलत्याच कोपऱ्याकडे.

म्हणाला, "तो हात मी दोनदा रंगवला रे. दोन्ही वेळा बिघडला. लाज वाटली, छिन्नीने उडवून टाकला. ईस्टरपासून दिसणं कमीच होत गेलं. आता डोळ्यांपुढे नुसतं दूध."

म्हणजे माझ्यासाठी काही ठेवलंच नव्हतं.

"तू केलास ना? मग सांग की, कसा झालाय?"

त्याची मान धरून नीट त्या कोपऱ्याकडे वळवली, आणि खांद्यापासून सांगायला लागलो.