घरगुती पंप, मॉडेल क्रमांक एक

सोमवार, ३ तारीख. सकाळी ७.१०
निवृत्तीला चार महिने झाले. शिस्त म्हणून आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. रोज चालणे. घरातल्या नादुरुस्त वस्तू दुरुस्त करणे. मुलीच्या कामाबद्दल तोंड न उघडणे.

तिसऱ्याचा खुलासा. मुलगी चांगली नोकरी सोडून समुद्रावर काइटसर्फिंग करते. म्हणजे पायाखाली फळी, हातात भला मोठा पतंग, आणि वारा नेईल तिकडे जायचं. दोन वर्षांपूर्वी मी एवढंच विचारलं होतं, की पतंग उडवायचं वय नक्की कधी संपतं. तेव्हापासून ‘जेवलात का’ आणि ‘जेवलीस का’ यापलीकडे आमचं बोलणं नाही. चूक कोणाची, यात मी पडत नाही. तिचीच आहे.

रविवारी १६ला तिची परीक्षा. पास झाली तर शिकवण्याचं लायसन्स.

त्याच दिवशी, दुपारी ३
पॅसेजमध्ये तिची पतंगाची बॅग पडलेली असते. एरवी ती क्लबचं सामान वापरते, हे परीक्षेपुरतं. त्यात एक हातपंप आहे. या पतंगाच्या पुढच्या कडेला लांबलचक नळी असते, तिच्यात हवा भरल्याशिवाय तो उभा राहत नाही. पंप करकरत होता. खोलला.

पाणीपुरवठ्याच्या पंप विभागात मी एकतीस वर्षं काढली. माझ्या सहीशिवाय शहरात एक पंप हलला नाही.

मंगळवार, ४. दुपारी
पंप जोडला. एक रबरी रिंग आणि एक स्प्रिंग उरली. हल्ली कंपन्या जास्तीचे भाग घालतात. दोन्ही हिच्या बटणांच्या डब्यात ठेवले. पंप आता करकरत नाही. हवाही देत नाही. पण करकर पूर्ण थांबली.

हिने विचारलं, काय चाललंय. सर्व्हिसिंग, म्हणालो.

बुधवार, ५
विचारान्ती निर्णय : नवा पंप घरीच करायचा. विकतचे पंप तकलादू असतात, हे मी कालच पाहिलं. ही म्हणाली, पोरीला खरं काय ते सांगून टाका. बायकांना तांत्रिक बाबी सांगून उपयोग नसतो.

आराखडा काढला. तीन रंगांत. खाली तीन सह्या : तयार करणारा, तपासणारा, मंजूर करणारा. तिन्ही माझ्याच. तपासणाऱ्याने एक शंका काढली होती, की झडपेचं तोंड आत हवं की बाहेर. मंजूर करणाऱ्याने ती फेटाळली. अशाने कामं अडतात.

चाललो नाही. आराखड्यात वेळ गेला.

शुक्रवार, ७
साहित्य जमलं. चार इंची पीव्हीसी पाइप. दांडा म्हणून फरशी पुसायच्या मॉपची काठी. आतली चकती लाकडी, तिच्या कडेला माझ्या बाथरूमच्या स्लिपरचा रबर. डाव्या पायाचा. हवेच्या नळीसाठी वॉशिंग मशीनचा सांडपाण्याचा पाइप तात्पुरता काढला. मशीन तसंही आठवड्यातून तीनदाच लागतं.

संध्याकाळी
आजचा दिवस त्या तिनांपैकी होता. बाथरूमपासून हॉलपर्यंत पाणी. मॉपला काठी नव्हती. ही जे बोलली ते इथे लिहीत नाही.

शनिवार, ८. सकाळी ११
पहिली चाचणी. नळीच्या तोंडावर तळहात ठेवला आणि दांडा ओढला. हात चिकटून बसला! केवढा हा दाब. मेणबत्ती धरली, तर ज्योत अदबीने नळीकडे वाकली. फुगा लावला, तो आत गेला. नव्या यंत्रात एवढं होतंच.

खालच्या मजल्यावरचा प्लंबर जिन्यात थांबून बघत होता. म्हणाला, काका, हा फुंकत नाहीये, ओढतोय. त्याला समजावलं, की यालाच जोर म्हणतात. बिचाऱ्याने आयुष्यभर नळ पाहिलेत. फाईल पाहिलेली नाही.

रविवार, ९
प्रत्यक्ष पतंगावर चाचणी. सोफा सरकवला. पतंग बारा चौरस मीटरचा, निम्मा हॉलमध्ये आणि निम्मा जेवणाच्या टेबलावर पसरला. हवेची तोंडं दोन, एक छोटं, एक मोठं. मोठं निवडलं. कोतेपणा माझ्या स्वभावात नाही.

तीनशे वेळा पंप मारला. पतंग आधी जरा फुगीर होता, तो इस्त्री केल्यासारखा झाला. कापड आधी बसतं आणि मग फुगतं, असं माझं निरीक्षण.

एवढ्यात मुलगी आली. पंपाकडे बराच वेळ बघत राहिली. मी म्हणालो, तुझा सर्व्हिसिंगला आहे, हा पर्यायी. म्हणाली, छान आहे. दोन वर्षांत तिने मला उद्देशून हा शब्द वापरलेला नाही.

मग कामापुरते काही प्रश्न विचारले. दाब किती लागतो. पतंग पाण्यात पडला तर कसा उठवतात. वारा मध्येच पडला तर परत कशी येतेस. भीती वाटते का. सगळ्यांची तिने नीट उत्तरं दिली. शेवटच्याचं इथे लिहीत नाही, त्याचा पंपाशी संबंध नाही. बोलता बोलता पाऊण तास गेला.

मंगळवार, ११
स्लिपरचा रबर बदलला. उजव्या पायाचा जास्त चांगला निघाला. फरक नाही. बाथरूममध्ये अनवाणी जातो.

मुलीला आणखी प्रश्न विचारले. एक-दोन पंपाबाहेरचेही निघाले.

बुधवार, १२
परीक्षेचा नियम कळला. बॅग उघडल्यापासून पंधरा मिनिटांत पतंग उभा हवा. नाहीतर नापास. पुढची परीक्षा थेट सहा महिन्यांनी.

तिला सांगून टाकायचं ठरवलं. चहाच्या वेळी. ती समोर बसली, मी घसा साफ केला आणि सांगितलं, की चहात साखर कमी आहे.

शुक्रवार, १४
कंपनीचा पंप कपाटात, रजयांच्या मागे. माझा पंप तिच्या बॅगेत. आता माघार नाही. आत्मविश्वास पूर्ण आहे. जेवण गेलं नाही.

शनिवार, १५
सहज म्हणून समुद्राकडच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, असा पंप मागवावा लागेल, दहा दिवस लागतील. बरं झालं. विकतच्या वस्तूंची सवय वाईट.

मग त्याला विचारलं, की आजच्या आज कुठूनच नाही का मिळणार. दोनदा विचारलं.

रविवार, १६. दुपारी १२
किनाऱ्यावर पोचलो. परीक्षेला अर्धा तास होता. मुलीने आधी सरावासाठी पतंग पसरला आणि माझा पंप काढून माझ्या हातात दिला. मारायला लागलो. पन्नास. शंभर. पतंग वाळूवर सपाट. बाकीच्यांचे एकेक करून उभे राहायला लागले. ती घड्याळाकडेही बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मला बघवेना. सांगून टाकलं. तुझा पंप मी खोलला, मी बिघडवला, मीच रजयांमागे लपवला. माझ्यामुळे तू नापास होणार.

ती गाडीकडे गेली आणि डिकीतून दुसरा पंप घेऊन आली. मैत्रिणीचा. दोन मिनिटांत पतंग उभा.

तिला पहिल्याच मंगळवारी कळलं होतं. कुडत्याचं बटण शोधताना डब्यात रिंग सापडली. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, बाबा, दोन वर्षांत तुम्ही माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाहीत. या आठवड्यात अठरा विचारलेत. मी बोलले असते तर तुम्ही थांबला असता.

मी मोजले नव्हते. तिने मोजले होते.

फार लाज वाटली. आणि फार बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे एकतीस वर्षांत कुठल्या फाईलमध्ये आलं नव्हतं.

संध्याकाळी ६
पास झाली. पतंग समुद्रावर केवढा उंच जातो, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

आवरताना मात्र पतंगातली हवा पूर्ण काढावी लागते, नाहीतर घडी बसत नाही. लोक त्यावर लोळत होते. मुलीने माझा पंप मोठ्या तोंडाला लावला. बारा वेळा ओढला, पतंग पापडासारखा. मोठं तोंड हवा सोडण्याचं असतं, हे तिने तेव्हा सांगितलं. मग बाकीचे आपापले पतंग घेऊन आले. मी एकूण नऊ पतंग रिकामे केले.

म्हणजे तपासणाऱ्याची शंका रास्त होती. तपासणारा मीच असल्याने श्रेयही माझंच.

सोमवार, १७. सकाळी १०
क्लबमधून मुलीला फोन. पंप सगळ्यांना आवडला, दर रविवारी पाठवता येईल का? पंप पाठवला तरी चालेल, काकांनी येण्याची तसदी घेऊ नये.

कळवलं, की दांडा जरा अडतो, अनुभवी हात लागतो.

मग बाल्कनीत बसून दांड्याचा स्क्रू अडेल इतका घट्ट केला. मुलगी दारात उभी राहून बघत होती. आत गेली आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर आणून दिला.