पाहुणा शेतातला आहे

२१ नोव्हेंबर

ग्वीरे सकाळच्या बसने ग्वांगजूला गेली. आमच्या मुलीचं बाळंतपण आहे. आता येणार ती फेब्रुवारीअखेर, सोयासॉस घालायच्या दिवसांत.

जाण्याआधी मला मागच्या खोलीत उभं केलं. वाशाला सोयाबीनच्या विटा टांगलेल्या. शिजवून, कुटून, थापून, गवताच्या दोरीने बांधलेल्या. खोली ऊबदार ठेवायची. दुपारी खिडकी उघडायची. उंदीर दिसला तर त्याच दिवशी पिंजरा लावायचा. तिच्या आईच्या रांजणात दरवर्षी या विटांचा नवा सॉस पडतो. युद्धाच्या वर्षीही पडला होता. "तुमच्या हातून खंड पडू देऊ नका," म्हणाली.

मी म्हणालो, तीस वर्षं देशाची सीमा सांभाळली, एक खोली सांभाळीन.

"देशाला दुसरेही अधिकारी होते."

बस सुटेपर्यंत उत्तर सुचलं नाही. आता सुचलं आहे. पण ऐकायला कोणी नाही.

२४ नोव्हेंबर

उद्यापासून पहाटे उठून नदीपर्यंत चालणे. आज थंडी होती.

ओट्यावर बसून नखं कापली. कुंपणापलीकडून योम आजोबा ओरडले. ऐंशी उलटलेत, घरी एक मांजर आहे आणि सल्ले पुष्कळ. "अरे प्यो, नखं अशी अंगणात उडवू नकोस. उंदीर खातो, तुझं रूप घेतो आणि तुझ्या जागी जेवायला बसतो. बायकोलासुद्धा कळायचं नाही."

मी शांतपणे सांगितलं की मी पासपोर्ट तपासणीतला माणूस आहे. फोटोतला चेहरा आणि समोरचा चेहरा. तीस वर्षांत एक चूक नाही. (एक. पण ते जुळे भाऊ होते. दुसरा सापडलाच नाही, तेव्हा चूक सिद्ध झाली असं म्हणता येत नाही.)

आजोबा म्हणाले, "तुझं ठीक आहे रे. मी बायकोचं म्हणतोय."

३० नोव्हेंबर, संध्याकाळ

मागच्या खोलीत उंदीर. तपकिरी. मुठीत मावेल एवढा.

पिंजरा काढला होता. पण ओळख पटल्याशिवाय कोणाला अडकवायचं नाही हा जन्मभराचा नियम. उंदरांचं पुस्तक गेल्या वर्षी घेतलं होतं. आज उघडलं.

घरातला छोटा उंदीर: राखाडी, शेपूट अंगाएवढी, वरच्या दाताला मागून खाच, कुबट वास. एकदा आला की जात नाही. शेतातला उंदीर: पाठीवर मधोमध काळी रेघ. कापणी झाली की थंडीपुरता घराच्या आसऱ्याला येतो, वसंतात परत जातो. म्हणजे प्रवासी. मुदतीचा व्हिसा.

दात दाखवायला तो थांबला नाही. टॉर्चच्या उजेडात पाठीवर काहीतरी काळं दिसलं. रेघ असणार.

निर्णय: शेतातला. मुक्काम तात्पुरता. पिंजरा परत माळ्यावर.

पुस्तकात एक परिच्छेद असाही आहे की गटारातल्या मोठ्या उंदराचं पिल्लू पाहून लोक फसतात. अंगाच्या मानाने डोकं आणि मागचे पाय मोठे दिसले तर ते पिल्लू समजावं. याचे पाय मोठे आहेत. पण पिल्लू वाटत नाही. चेहरा पोक्त आहे.

५ डिसेंबर

नातू झाला. दोघं सुखरूप.

ग्वीरेने फोनवर आधी विटांची चौकशी केली, मग माझी. मी मोकळेपणाने सांगितलं की एक शेतातला उंदीर थंडीपुरता उतरला आहे, रेघेवरून ओळखला. वाटलं होतं कौतुक होईल.

ती म्हणाली, "रेघ आहे? अहो, तापाचा उंदीर तोच. माझा मामा कापणीनंतर कशाने गेला? आजच्या आज मारा त्याला."

६ डिसेंबर

पुन्हा निरीक्षण. रेघ नाही. त्या दिवशी दोरीची सावली पडली होती.

नवा निर्णय: गवतउंदीर. सगळ्यांत लहान जात. उंच गवताच्या पात्यांवर चेंडूसारखं घरटं विणतो. निरुपद्रवी, देखणा. पुस्तक म्हणतं की तो घरात शिरत नाही. म्हणजे शिरलेला हा पहिलाच. विटांच्या दोऱ्या गवताच्या आहेत, तो त्या पाहून आला. सगळं जुळतं.

ग्वीरेला कळवलं. ती म्हणाली, "एका रात्रीत रेघ पुसली?" मी म्हणालो, अभ्यासात मत बदलावं लागतं. ती म्हणाली, "आणि त्याने दोऱ्या खाल्ल्या तर विटा कशाला लटकणार? तुमच्या अभ्यासाला?"

प्रश्न रास्त आहे. विचार करायला हवा.

१४ डिसेंबर

एक वीट खाली पडली. दोरी जुनी असणार. विटेचा कोपरा गेलेला. पडताना फुटला असेल, पण तुकडे मिळाले नाहीत. कोपरा भिंतीकडे करून परत टांगली. समोरून काही कळत नाही.

चालायला जाणे पुढच्या आठवड्यापासून.

२२ डिसेंबर

वर्षातला सगळ्यांत लहान दिवस. योम आजोबा लाल कडधान्याची पेज घेऊन आले. वाडगं माझ्या हातात देऊन सरळ मागच्या खोलीत गेले. घरात कोणी पेज आणली की त्याला अडवता येत नाही.

खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "गवतउंदीर म्हणतोस. लेंड्या मनुक्याएवढ्या आहेत."

मी म्हणालो, आहार चांगला आहे.

"तो तर दिसतोच आहे. वर टांगलाय." मग म्हणाले, "एका रात्रीपुरतं माझं मांजर ने."

नको म्हणालो. मांजर कागदपत्रं बघत नाही.

५ जानेवारी

गवतउंदीर वाढतो आहे. शेपूट सोडून माझ्या तळहातापेक्षा लांब. पुस्तकातल्या मापाच्या दुप्पट. या जातीचा हा विक्रम असावा. शास्त्रज्ञांना कळवणं माझं कर्तव्य आहे. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला सविस्तर पत्र लिहिलं, फोटो जोडला. फोटोत शेपूट स्पष्ट आली आहे. बाकीचा तो निघून गेला होता.

आज पहाटे मुद्दाम उठलो. तो आधीच उठला होता.

११ जानेवारी

ग्वीरेने व्हिडिओवर विटा पाहायला मागितल्या. दाखवल्या. "छान दिसतायत," म्हणाली. बरं वाटलं. मग म्हणाली, "आता फिरवा बघू एक."

नेमका त्याच वेळी फोन बंद पडला. बटण माझ्याच अंगठ्याखाली होतं, हा योगायोग.

१९ जानेवारी

विद्यापीठाचं उत्तर. एक ओळ: शेपटीवरून गटारातला मोठा उंदीर वाटतो, पिंजरा लावावा. सही कोणा सहायकाची. वरिष्ठांपर्यंत पत्र पोहोचलेलंच नाही. माझ्या खात्यातही असंच चाले. वरिष्ठांकडे जाणारी कागदपत्रं मीच अडवत असे.

२ फेब्रुवारी

कपाटात वरच्या खणात माझी ऑफिसची टोपी असते. निवृत्तीच्या दिवशी जपून ठेवली होती. आज धूळ झटकावी म्हणून खण उघडला.

टोपीत पिल्लं आहेत. अस्तर कुरतडून मऊ केलं आहे, त्यात विटांच्या दोऱ्यांचं गवत. म्हणजे तो ती होती.

केस आलेली, डोळे उघडलेली, मुठीत मावणारी पिल्लं. तपकिरी. डोकी मोठी. मागचे पाय मोठे. प्रत्येकाचा चेहरा पोक्त.

पुस्तकातला तो परिच्छेद पुन्हा काढला. दोन शक्यता आहेत. एक पुस्तकातली. दुसरी अजून सुचलेली नाही.

३ फेब्रुवारी

पिंजरा लावला. आत भाजलेलं रताळं.

४ फेब्रुवारी

रताळं गेलं. पिंजरा रिकामा, दार बंद. स्प्रिंग पाहायला बोट घातलं. डाव्या हाताचं आहे, लिहायला अडचण नाही.

१७ फेब्रुवारी

आज धीर करून सगळ्या विटा फिरवून पाहिल्या. समोरून विटा आहेत, मागून नाहीत. आतून पोखरलेल्या. वाऱ्यावर कंदिलासारख्या हलतात. ग्वीरेला काळजी होती की खोली ऊबदार राहील की नाही. ती शेवटपर्यंत ऊबदार होती. सगळ्यांनाच आवडली.

घाबरण्याचं कारण नाही. योजना तयार आहे. बाजारात विटा मिळतात.

१८ फेब्रुवारी

आणल्या. प्लास्टिकच्या जाळीत होत्या, वर चिठ्ठी. जाळी काढली, चिठ्ठी जाळली, गवताच्या दोऱ्या बांधल्या. एका हाताने बांधताना संध्याकाळ झाली. टांगल्यावर दाराशी उभं राहून पाहिलं. तोच रंग, त्याच भेगा. दोन सोयाबीनच्या विटांतला फरक ओळखायला माझ्यासारखी तयार नजर लागते, आणि मलाच ओळखता येईना. ग्वीरेचा प्रश्नच नाही.

जुन्या विटा गुपचूप पुरायला परसात खड्डा काढत होतो. योम आजोबा कुंपणावर हनुवटी टेकून बघत होते. "काय पेरतोस?" म्हणाले. मी माती ओढायला लागलो.

२६ फेब्रुवारी

ग्वीरे आली. बॅग ओट्यावर ठेवली, मागच्या खोलीत गेली. दिवाही लावला नाही. नाक वर केलं. मग एका विटेवर तळवा ठेवला.

"ह्या माझ्या नाहीत."

मी म्हणालो, अंधारात कसं सांगतेस?

"माझ्या विटेला वर खळगा असतो. थापताना तळव्याने दाबते. माझा हात त्यात बसतो. चाळीस वर्षं हेच खाताय, एकदाही वर पाहिलं नाहीत?"

मी अभ्यासाचा सगळा क्रम सांगितला. आधी शेतातला, मग गवतातला, मग विद्यापीठ. ती ऐकत होती. टोपीपर्यंत आलो आणि थांबलो.

पाठीमागे योम आजोबा येऊन उभे होते. त्यांना बोलवावं लागत नाही. म्हणाले, "पोरी, तुझ्या माघारी हा अंगणात नखं उडवत होता. मी बजावलं होतं. आता आधी खात्री करून घे, हा तोच आहे का."

ग्वीरे माझ्याकडे वळली. पासपोर्टच्या खिडकीतून मी लोकांकडे बघायचो, तसं बघितलं.

"मोठा डाव कुठे असतो?"

माहीत नव्हतं.

"मीठ?"

स्वयंपाकघरात, म्हणालो.

"आईचा रांजण कोणता?"

परसातल्या रांजणांपैकी सगळ्यांत मोठ्याकडे बोट दाखवलं. पट्टी बांधलेलं बोट.

"तो मुळ्याचा," ती म्हणाली.

आजोबा म्हणाले, "गोष्टीतही दोघांची अशीच परीक्षा घेतली होती. उंदराने चमच्यासकट सगळं बरोबर सांगितलं होतं. चुकला तो मालक."

"हो," ग्वीरे म्हणाली. "उंदराला घरातलं सगळं ठाऊक असतं. तेव्हा हे खरेच आहेत."

ती हसेल म्हणून थांबलो. ती बाह्या सारून चूल पेटवायला गेली होती.

२७ फेब्रुवारी

योम आजोबांचं मांजर रात्रभर मागच्या खोलीत ठेवलं. त्याने कागदपत्रं पाहिली नाहीत. टोपीही टाकून द्यावी लागली.

२८ फेब्रुवारी

बारा प्राण्यांच्या पंचांगात आज घोड्याचा दिवस. सॉस घालायला चांगला.

वाटलं होतं बाजारच्याच विटा रांजणात जातील. ग्वीरे कुंपणापलीकडे गेली आणि टोपली घेऊन आली. आत विटा. गवताच्या दोऱ्या, वर खळगा. तिच्याच. ग्वांगजूला जायच्या आदल्या दिवशीच निम्म्या विटा आजोबांच्या माडीवर टांगून गेली होती.

मी विचारलं, मग मला जे सांगितलंस, खंड पडू देऊ नका, ते?

"ते तुमच्यासाठी," म्हणाली. "तुम्हाला काहीतरी काम हवं होतं."

विटा धुतल्या, रांजणात रचल्या, मिठाचं पाणी ओतलं, वर कोळसा आणि लाल मिरच्या सोडल्या. खंड पडला नाही. आईचा रांजण सगळ्यांत लहान आहे, दारामागचा. मी त्यावर छत्री टेकवत असे. बाजारच्या विटांचा सॉस वेगळ्या मडक्यात घातला. तो यावर्षी मी खायचा आहे.

१ मार्च

राष्ट्रीय सुट्टी. ऊन होतं. ओट्यावर बसून नखं कापली. आधी खाली वर्तमानपत्र पसरलं. मग एकेक नख वेचून पुडी बांधली.

पुडी कुठे टाकायची ते ग्वीरेला विचारायला हवं. कचऱ्याचा डबा कुठे असतो, माहीत नाही.