समोरच्या खिडकीवरचा चिकटा

दादा,

आईला घरी आणायला दवाखान्यात चालले आहे. पाचपर्यंत येऊ. त्याआधी समोरच्या खिडकीची काच साफ कर. टेप निघाली, पण तिचा चिकटा चारही कोपऱ्यांना तसाच आहे आणि त्यावर धूळ बसली आहे. एवढी धूळ एका दिवसात बसत नाही.

पुन्हा ब्लेड लावू नकोस, ओरखडे आधीच पुष्कळ काढून ठेवलेस. गरम पाण्याचं फडकं दाबून धर, मग खोबरेल तेल चोळून अर्धा तास तसंच राहू दे. नंतर जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवड आणि साबणाच्या पाण्याने पूस.

तिथे कॅलेंडर लावलं होतं म्हणालास. मी आपली मान डोलावली. पण चिकटा काचेच्या बाहेरच्या बाजूला आहे. तारीख काय रस्त्यावरच्या लोकांना बघायची होती? आणि सकाळी तू आंघोळीला गेलास तेव्हा घरच्या फोनवर एका गृहस्थांनी विचारलं, "बोर्ड काढलात, म्हणजे घर विकलं गेलं का?"

घर आईचं आहे. ती तीन आठवडे दवाखान्यात होती दादा, गेलेली नव्हती.

तिला मी काही सांगितलेलं नाही. मघाशी फोनवर तिने विचारलं, दादा काय करतोय? म्हटलं, तू येणार म्हणून खिडकी पुसतोय.

"गुणाचं लेकरू माझं," म्हणाली.

— धाकटी